भागून कोणी पाहिले? : २,१४,७४,८३,६४७ या मूळ संख्येची हकीकत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही शाळेच्या वाटचालीवर लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. इतिहास हा आमचा विषय आणि या शाळेत आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेलेला. तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. तरीही या वेळी आम्ही एका संख्येविषयी लिहीत आहोत. याचे कारण एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारलेला प्रश्न, ज्याचे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही.

त्याचे असे झाले. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रक तयार केले. गणिताचे शिक्षक रजेवर असल्याने ते तपासण्याचे काम आमच्याकडे आले. एका कोपऱ्यात मूळ संख्यांविषयीचा मजकूर होता. बाजारात मिळणाऱ्या सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकातून तो उतरवून घेतला होता. त्यात लिहिले होते की, २ चा घातांक मूळ संख्या असेल, तर त्या घातातून १ वजा केल्यावर नेहमी मूळ संख्याच मिळते. उदाहरणे दिली होती ३, ७, ३१ आणि १२७ यांची. आणि शेवटी ठळक अक्षरांत २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या होती : २,१४,७४,८३,६४७. आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, खाली सही केली आणि भित्तिपत्रक व्हरांड्यात लागले.

तिसऱ्या दिवशी सातवीतील एक मुलगी वही घेऊन आली. वहीच्या मागच्या पानावर तिने २ चा ११ वा घात काढला होता, २०४८. त्यातून १ वजा केल्यावर २०४७. ११ ही मूळ संख्या आहे. म्हणून भित्तिपत्रकाच्या नियमानुसार २०४७ ही मूळ असायला हवी. तिने तिला २३ ने भागले होते. भागाकार ८९, बाकी शून्य.

"सर, भित्तिपत्रकावर चुकलंय."

आम्ही सवयीने म्हणालो, "अगं, पुस्तकात छापलेलं आहे ते."

"मी तीनदा भागून पाहिलं, सर." मग थोडे थांबून तिने विचारले, "आणि ती खालची मोठी संख्या? ती तरी कोणी भागून पाहिली आहे का?"

साधनांची चिकित्सा केल्याशिवाय कोणतेही विधान स्वीकारू नये, हे आम्ही इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवत आलो. गणिताच्या चार ओळींना मात्र आम्ही 'छापलेले आहे' एवढ्याच आधारावर सही दिली होती. त्या संध्याकाळी भित्तिपत्रकाचा तो कोपरा आम्ही स्वतःच्या हाताने काढला. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पुढे बरेच दिवस लागले. ते उत्तर म्हणजेच हा लेख.

मूळ संख्या आणि तिची परीक्षा

माजी विद्यार्थ्यांना शाळेतील व्याख्या आठवत असेलच. ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. १२ ला २, ३, ४, ६ यांनीही भाग जातो, म्हणून ती संयुक्त. १ पेक्षा मोठी प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने तयार होते आणि तीही एकाच प्रकारे. मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवले आहे.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिला लहान संख्यांनी भागून पाहणे. यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंत गेले की पुरते. संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर ते दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. एक तरी त्याच्या आत सापडतोच. १०१ साठी १० पर्यंत पाहिले की झाले, म्हणजे २, ३, ५ आणि ७ असे चारच भाजक.

आता हीच रीत आपल्या संख्येला लावू. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० येतो आणि ४६,३४१ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. अशा मूळ संख्या सुमारे चार हजार आठशे आहेत. दहा अंकी संख्येला कागदावर चार हजार आठशे वेळा भागायचे आणि एकदाही हातचा चुकवायचा नाही, हे काम किती किचकट आहे याची कल्पना कोणालाही येईल.

छापलेली चूक

या प्रकारच्या संख्यांमागे माणसे प्राचीन काळापासून लागलेली आहेत. त्याचे कारण 'परिपूर्ण संख्या'. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६ च येते. २८ चे विभाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. युक्लिडने दाखवले की, २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिला २ च्या एकाने लहान घाताने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते. २ चा घन ८, त्यातून १ गेल्यावर ७ आणि ७ ला ४ ने गुणल्यावर २८. असा हा संबंध आहे.

इटलीत बोलोन्या येथे पिएत्रो कताल्दी नावाचा गणिती होता. त्याने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता केला आणि एकेका संख्येने भागून १५८८ मध्ये दोन गोष्टी निश्चित केल्या : २ च्या १७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी १,३१,०७१ मूळ आहे आणि १९ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ५,२४,२८७ ही देखील मूळ आहे. हे काम चोख होते. त्याचा ग्रंथ १६०३ मध्ये छापला गेला. त्यात मात्र तो आणखी पुढे गेला. २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांक घेतले तरी मूळ संख्याच मिळतात, असे त्याने लिहून टाकले. ते त्याने भागून पाहिलेले नव्हते.

१६४० मध्ये फ्रान्सच्या पिएर द फर्माने दाखवले की, २३ च्या बाबतीत येणाऱ्या संख्येला ४७ ने भाग जातो आणि ३७ च्या बाबतीत २२३ ने. पुढे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने २९ चाही दावा खोडला. तेथे २३३ ने भाग जातो. चार दाव्यांपैकी तीन खोटे ठरले. उरला ३१ चा. १६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने अशा घातांकांची एक यादी प्रसिद्ध केली आणि त्याच्याच नावावरून या संख्यांना आज 'मर्सेन संख्या' म्हणतात. त्या यादीतही ३१ होता. पण त्याच यादीतील ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले आणि ६१, ८९ व १०७ हे योग्य घातांक तिच्यात आलेच नव्हते.

येथे आम्हां इतिहासाच्या माणसाला एक गोष्ट विशेष वाटते. ३१ विषयी कताल्दीचे म्हणणे शेवटी खरे निघाले. तरीही कताल्दीला ते माहीत होते असे म्हणता येणार नाही. त्याच दमात, तेवढ्याच खात्रीने त्याने तीन खोटी विधाने केली होती. खरे बोलणे आणि ते खरे का हे ठाऊक असणे यांत जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अंतर पडले.

ऑयलरने काम कसे कमी केले

ते अंतर १७७२ मध्ये संपले. ऑयलर त्या वेळी रशियात, सेंट पीटर्सबर्गला होता. एका डोळ्याची दृष्टी पूर्वीच गेलेली, दुसऱ्याचीही जवळजवळ गेलेली. सहाय्यकांना तोंडी सांगून तो लिहवून घेत असे. त्या वर्षी बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही संख्या मूळ असल्याचे कळवले. त्याने चार हजार आठशे भागाकार केले नाहीत. कोणते भाजक मुळातच शक्य नाहीत, हे त्याने आधी तर्काने ठरवले.

तो तर्क समजण्यासाठी आमच्या विद्यार्थिनीच्या २३ कडेच परत जाऊ. २ चे घात ओळीने घ्या, प्रत्येकाला २३ ने भागा आणि फक्त बाकी लिहा : २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या घाताला बाकी १ आली. पुढे हेच चक्र पुन्हा फिरते. फर्माचा एक सिद्धांत असा की, भाजक विषम मूळ संख्या असेल, तर भाजकापेक्षा एकाने लहान असलेल्या घाताला बाकी हमखास १ येते. येथे २२ व्या घाताला. म्हणून ११ चे चक्र २२ मध्ये पूर्ण वेळा बसलेच पाहिजे. ते दोनदा बसते.

आता समजा, आपल्या मोठ्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला त्या भाजकाने भागल्यास बाकी १ येईल. मग बाक्यांच्या चक्राची लांबी ३१ मध्ये पूर्ण वेळा बसली पाहिजे. आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे ती लांबी ३१ च असणार. हे चक्र भाजकातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येतही पूर्ण वेळा बसले पाहिजे. शिवाय भाजक विषम आहे, म्हणून त्यातून १ गेल्यावर उरणारी संख्या सम. ३१ नेही भाग जातो आणि २ नेही. म्हणजे ६२ ने. याचा अर्थ, प्रत्येक संभाव्य भाजक ६२ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असलाच पाहिजे. ४६,३४० च्या आत असे फक्त ७४७ आहेत.

ऑयलरजवळ दुसरीही एक चाळणी होती. २ चा ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे आणि आपल्या संभाव्य भाजकाने भागल्यास त्याची बाकी २ येते. एखाद्या वर्गाची बाकी २ येत असेल, तर त्या मूळ भाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते, असा सिद्धांत आहे. त्याची सिद्धता वरच्या वर्गांतील अभ्यासाचा विषय आहे. पण तिचा पडताळा कोणीही घेऊ शकतो. २ च्या २९ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचे अवयव २३३, ११०३ आणि २०८९. त्यांना ८ ने भागा. बाक्या अनुक्रमे १, ७ आणि १ येतील.

दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की भाजक दोनच प्रकारचे उरतात : २४८ च्या पटीपेक्षा १ ने मोठे किंवा २४८ च्या पटीपेक्षा ६३ ने मोठे. पहिल्या प्रकारात १८६ आणि दुसऱ्यात ६३ धरून १८७. त्यांपैकी ६३ ला ३ ने भाग जातो, म्हणून तो भाजक मूळ नाही. तो गाळला की उरतात बरोबर ३७२. ऑयलरने यांतील मूळ संख्या तेवढ्या घेतल्या, त्या सर्वांनी भागून पाहिले आणि एकीनेही निःशेष भाग जात नाही असे पत्रात नोंदवले.

अभ्यासिकेतील ३७२ भागाकार

हे सर्व आम्ही गणिताच्या शिक्षकांकडून समजून घेतले आणि मग त्या मुलीला अभ्यासिकेत सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे ऑयलरने भागून पाहिलं. आपण पाहिलं का?"

अभ्यासिकेत त्या संध्याकाळी सातवी-आठवीची एकतीस मुले-मुली होती. ३७२ ला ३१ ने भागले की १२ येतात. हा योगायोग फळ्यावर मांडताच मुलांनी काम आपणहून वाटून घेतले. प्रत्येकी बारा भागाकार. केलेला प्रत्येक भागाकार शेजारच्याने उलट गुणाकार करून तपासायचा आणि मगच तक्त्यावर बाकी लिहायची. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही, असेही त्यांनीच ठरवले.

पहिलाच भाजक आला २४९. त्या मुलीने लगेच सांगितले की हा वेगळा करण्याची गरज नाही. २४९ ला ३ ने भाग जातो, आणि आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६ असल्यामुळे तिला ३ ने भाग जात नाही. तिचे म्हणणे बरोबर होते. तरी तक्ता पूर्ण व्हावा म्हणून मुलांनी तोही भागाकार केला. पुढचा ३११. भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. अशा नोंदी वाढू लागल्या.

पाचव्या संध्याकाळी एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, शून्य आली!" भाजक होता १३०३. सगळी अभ्यासिका त्याच्या बाकाभोवती गोळा झाली. ऑयलर चुकला असे जाहीर करण्यास काही जण आतुर झाले होते. शेजारच्या विद्यार्थ्याने उलट गुणाकार केला, तर आपली संख्या परत येईना. एका ठिकाणी हातचा चुकला होता. खरा भागाकार १६,४८,१०७ आणि बाकी २२६. तो मुलगा खट्टू झाला. आम्ही त्याला सांगितले की, शून्य आली हे सर्वांसमोर सांगितल्याबद्दल आणि चूक सापडल्यावर ती स्वतःच्या हाताने खोडल्याबद्दल त्याचे नाव तक्त्यावर प्रथम लिहिले जाईल. ते तसे लिहिलेले आहे.

नवव्या संध्याकाळी ३७२ वी नोंद झाली. एकाही ठिकाणी बाकी शून्य नव्हती. त्या रात्री या शाळेतील एकतीस मुलांना २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे पुस्तकात छापले आहे म्हणून नव्हे, तर स्वतःच्या हिशेबाने माहीत झाले. दुसऱ्या चाळणीची सिद्धता अद्याप शिकायची आहे, हेही त्यांनी तक्त्याच्या तळाशी प्रामाणिकपणे नमूद केले.

'याचा उपयोग काय?'

पालक सभेत हा तक्ता पाहून एका पालकांनी विचारले, "सर, यानं मार्कात काय फरक पडणार?" प्रश्न योग्य होता. ज्या घरांत मुलांच्या शिक्षणासाठी मोठ्यांनी पोटाला चिमटा घेतला आहे, तेथे हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

याच संख्येविषयी असा प्रश्न पूर्वीही उपस्थित झाला होता. इंग्लंडमधील पीटर बार्लो या गणितज्ञाने १८११ च्या आपल्या ग्रंथात या मूळ संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येचा उल्लेख केला. ती संख्या १९ अंकी आहे : २३०५८४३००८१३९९५२१२८. यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधेल असे त्याला वाटत नव्हते. कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, असे त्याचे मत होते. ऑयलरनंतर ऐंशीहून अधिक वर्षे याहून मोठी मूळ संख्या खरोखरच कोणाला सिद्ध करता आली नाही. परंतु दोन्ही बाबतींत बार्लोचा अंदाज पुढे चुकला.

उपयोगाचे आधी पाहू. संगणक सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. त्या पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने एकतीस वेळा १. अनेक संगणकांत एका पूर्णांकासाठी ३२ जागा ठेवलेल्या असत. त्यांतील एक जागा धन-ऋण चिन्हाकडे जाते आणि ३१ उरतात. त्या सर्व जागांवर १ भरला की मिळणारी सर्वांत मोठी संख्या हीच. ती मूळ असणे हा येथे योगायोग आहे. पण मर्यादा खरी आहे. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' हे गाणे यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिले गेले की मोजणी या मर्यादेपलीकडे जाऊ लागली आणि यूट्यूबला ६४ जागांचा मापक वापरावा लागला. बऱ्याच संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. ज्यांत अजूनही जुनी ३२ जागांची पद्धत आहे, त्यांची मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी याच संख्येवर संपते. त्यापूर्वी त्या प्रणाली बदलाव्या लागणार आहेत. आज आमच्याकडे शिकणारी मुले तोवर कमावती झालेली असतील. कदाचित ते काम त्यांच्यापैकीच कोणी करीत असेल.

दुसरा उपयोग मात्र ती मूळ असण्यावरच अवलंबून आहे. हवामानाचे अंदाज, अभियांत्रिकीतील चाचण्या, संगणकावरचे खेळ यांसाठी कोणताही ठरीव क्रम दिसू नये अशा संख्यांची गरज लागते. त्या तयार करण्याची युक्ती लहान प्रमाणात पाहा. मूळ संख्या ७ घ्या. १ पासून आरंभ करून दर वेळी ३ ने गुणा आणि ७ ने भागून बाकी ठेवा : १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. एक ते सहा या सर्व संख्या एकेकदाच आल्या, पण क्रम बदलून. ७ च्या जागी २,१४,७४,८३,६४७ आणि ३ च्या जागी १६,८०७ ठेवले, तर २१४ कोटींहून अधिक संख्या एकही न गाळता, एकही पुन्हा न येता फिरून जातात आणि मगच चक्र पूर्ण होते. पार्क आणि मिलर या दोघांनी १९८८ मध्ये हीच योजना किमान दर्जा म्हणून सुचवली आणि ती जगभर वापरली गेली. मात्र गुप्तता राखण्याच्या कामी ती चालत नाही, कारण एक संख्या कळली की पुढची काढता येते.

या संख्येने भागून बाकी काढणे संगणकाला सोपे जाते. त्याचे कारण आमच्या पाचवीच्या मुलांनाही समजेल. दशमान पद्धतीत ९ ने भागल्यावर येणारी बाकी अंकांची बेरीज करून काढता येते. जे नाते ९ आणि १० यांचे, तेच नाते आपल्या संख्येचे आणि २ च्या ३१ व्या घाताचे. म्हणून संगणक द्विमान अंकांचे ३१-३१ चे गट पाडतो आणि त्यांची बेरीज घेतो. विभाज्यतेची शाळेतील कसोटीच तेथे कामाला येते.

२९ पायऱ्यांची कसोटी

याहून मोठी संख्या कोणी शोधणार नाही, हा बार्लोचा दुसरा अंदाजही टिकला नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. त्याने भागाकारांची वाटच सोडली. त्याच्या रीतीला पुढे लेहमर यांनी आजचे सुटसुटीत रूप दिले. ती रीत अशी : ४ पासून आरंभ करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले, तर संख्या मूळ, अन्यथा नाही. ही रीत २ सोडून इतर मूळ घातांकांसाठी आहे.

वाचकांनी पेन्सिल घेऊन हे करून पाहावे. ३१ म्हणजे २ च्या ५ व्या घातातून १ वजा. पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, उणे २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, उणे २, म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणे २, म्हणजे ६२, बाकी शून्य. ३१ मूळ आहे. हीच कसोटी २०४७ ला लावली, तर नवव्या पायरीला १७३६ उरतात. शून्य येत नाही. आपल्या मोठ्या संख्येला २९ पायऱ्या पुरतात. जेथे ३७२ भागाकार लागले, तेथे २९.

याच कसोटीच्या बळावर मर्सेन मूळ संख्यांचा शोध आजही चालू आहे. अशा ५२ संख्या ज्ञात आहेत. आपली संख्या क्रमाने आठवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वांत मोठी म्हणजे २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा. ती लिहिण्यास ४,१०,२४,३२० अंक लागतात. अशा संख्या अनंत आहेत का, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. कोणत्याही संख्येसाठी, अपवाद न ठेवता आणि वाजवी वेळात उत्तर देणारी पहिली रीत भारतात सापडली. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणिंद्र अगरवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या आपल्या दोन तरुण विद्यार्थ्यांसह ती सिद्ध केली.

पालक सभेत आम्ही त्या पालकांना यातील थोडेसेच सांगू शकलो. मार्कांविषयीच्या त्यांच्या प्रश्नाला आम्ही एवढेच म्हणालो की, परीक्षेत ३७२ भागाकार येणार नाहीत. पण 'गणित आपल्या घरात कोणाला जमले नाही' असे आपल्या मुलांना वारंवार ऐकावे लागते. कधी इतरांकडून, कधी आपल्याच माणसांकडून. हे विधानही आजवर कोणी भागून पाहिलेले नाही. आमच्या अभ्यासिकेतील एकतीस मुलांनी नऊ संध्याकाळी ते भागून पाहिले.

तो तक्ता ग्रंथालयाच्या भिंतीवर लावलेला आहे. भित्तिपत्रकाच्या रिकाम्या कोपऱ्यात त्या मुलीने नवा मजकूर लिहिला : 'घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ असतेच असे नाही. २०४७ = २३ × ८९. तपासून पाहा.' माजी विद्यार्थी आणि पालक यांनी शाळेत येतील तेव्हा ग्रंथालयात अवश्य डोकवावे, तक्त्यावरील कोणतीही एक ओळ निवडावी आणि स्वतः भागून पाहावी. चूक सापडली, तर मुलांना जरूर सांगावी. ते वाट पाहत आहेत.